निरोप भागासाठी होता

दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला कचरू ओव्हाळ इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइलसमोर बसत. विश्रांतवाडीचं दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीत तुळशीशेजारी वाळत घातलेले मोजे, आणि टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला मोबाइल. पडद्यावर आधी म्युनिकहून लेक निकिता आणि जावई माथियास येत. मग आणखी एक चौकोन उघडे, आणि त्यात लाइपझिगजवळच्या एका गावातून माथियासची आई दिसे. इनग्रिड लेमान. कापसासारखे केस, गळ्यात चष्म्याची दोरी. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नसे. तिच्या शाळेत, पूर्व जर्मनीच्या त्या काळी, रशियन शिकवत.

ओव्हाळ घसा साफ करत. तिकडे दुपारच असते हे ध्यानात ठेवून म्हणत, "गूटन टाग, फ्राऊ लेमान. व्ही गेट एस ईनन?"

नमस्कार, आपण कशा आहात. आठवडाभर घोटलेलं वाक्य, कुठे काना चुकायचा नाही की मात्रा.

"गूट, डांकं," इनग्रिड हसून म्हणे. आणि लगेच त्यांच्या खांद्यावरून मागे बघत विचारे, "व्हो इस्ट बागा?"

भागा कुठे आहे?

मग चंद्रभागा हात पुसत स्वयंपाकघरातून येई, खुर्ची न घेता उभ्याउभ्याच वाके आणि सगळा पडदा आपल्या कपाळाने भरून टाके. "हालो इनग्रिड! हॉयटं इश..." आज मी, एवढ्यावर ती अडे. "अहो, मेथीला काय म्हणतात?"

"मेथीला काही म्हणत नाहीत."

"बरं, नका सांगू." ती आत जाऊन मेथीची जुडीच घेऊन येई आणि मोबाइलसमोर हलवे. तिकडे इनग्रिड चष्मा चढवून बघे, आपल्या फ्रिजमधून कसलीशी पालेभाजी आणून दाखवे, आणि दोघी एकमेकींच्या भाज्यांना "शोन, शोन" म्हणत राहत. छान, छान. पंचवीस मिनिटांच्या त्या कॉलमध्ये ओव्हाळांच्या वाट्याला सुरुवातीचं एक वाक्य येई आणि शेवटचं 'आउफ व्हीडरझेन'. मधल्या वेळात ते शर्टाची घडी नीट करत बसत, आणि छातीच्या खाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे, बारीक काहीतरी धुमसत राही.

पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं काढली होती त्यांनी. हेडक्लार्क के. डी. ओव्हाळ. खडकवासल्याच्या पाण्याचा कुठलाही कागद त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय साहेबाच्या सहीला जात नसे. वस्तीतल्या माणसांचे अर्ज, दाखले, शाळेतले प्रवेश, कुणाच्या पेन्शनचं अडलेलं पत्र, सगळं त्यांच्या लेखणीतून उतरलेलं. घराण्यातले पहिले मॅट्रिक, पहिले पदवीधर. त्यांनी लिहायचं, त्यांनी बोलायचं, आणि चंद्रभागेने चहा ठेवायचा, अशी चाळीस वर्षांची वहिवाट. लोणी काळभोरची सातवी शिकलेली पोर लग्न होऊन आली, ती आईकडून शिकलेल्या दळणाच्या ओव्या तेवढ्या बरोबर घेऊन. जातं गेलं, गिरणी आली, मिक्सर आला, तरी तिच्या ओठांवरची ओवी काही बंद पडली नाही.

जर्मनचा क्लास निकिताने लावून दिला. रोजच्या बोलण्यापुरती भाषा, चार महिने, सोमवार-बुधवार-शुक्रवार. नारायण पेठेत, लग्नपत्रिकांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ओव्हाळांनी पहिल्याच दिवशी तीन रंगांची पेनं घेतली. पुल्लिंगी डेर निळ्याने, स्त्रीलिंगी डी लालने, नपुंसकलिंगी दास हिरव्याने. चंद्रभागा खरं तर सोबतीला गेली. "एवढे जिने चढून जाणार एकटे, चक्कर आली तर?" असं म्हणून. तिच्या पिशवीत वही नव्हती, पाण्याची बाटली होती.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. शिकवणारी पूर्वा, निकिताहून लहान, डोळ्यांत सतत हसू. तिने एकेकाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. नाव काय, राहता कुठे, नवऱ्याचं नाव काय.

"व्ही हाइस्ट ईअर मान?" तिने चंद्रभागेला विचारलं.

चंद्रभागेने पदर सावरला.

"काकू, सोपं आहे. 'माइन मान हाइस्ट', आणि पुढे नाव."

"ते कळलं मला. पण असं एकदम कसं घ्यायचं नाव?"

"मग कसं घ्यायचं?"

चंद्रभागेने एकवार नवऱ्याकडे पाहिलं, एकवार छताकडे. मग दोन बोटं हनुवटीला लावून म्हणाली,

"टिशवर ठेवला ब्रोट, ब्रोटाला लावला बुटर,
कचरूरावांचं नाव हेच मॅडम, तुमच्या प्रश्नाला उत्तर!"

वर्ग उसळला. नर्सिंगच्या नोकरीसाठी जर्मनीला निघालेला फैझल बाकावर थापा मारत ओरडला, "काकू, एक नंबर! परत घ्या ना!" पूर्वा तर डोळे पुसत होती. तिने फळ्यावर टिश म्हणजे टेबल, ब्रोट म्हणजे पाव, बुटर म्हणजे लोणी असं लिहिलं, सगळ्यांकडून उखाणा म्हणून घेतला. चौदा तोंडांतून "कचरूरावांचं" घुमलं.

ओव्हाळ हसले नाहीत. आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईने ठेवलेलं ते नाव. कचऱ्यातला म्हटलं की मरण फिरकत नाही, या आशेने. ऑफिसात छत्तीस वर्षं त्यांनी ते दोन अक्षरांखाली झाकलं होतं. क्लासातही त्यांनी 'इश हाइसं के. डी.' असंच सांगितलं होतं. ते नाव असं सगळ्यांच्या तोंडी गेलं याचा त्यांना राग आला, असं त्यांना त्या दिवशी वाटलं. घरी येताना बसमध्ये ते म्हणाले, "क्लासमध्ये जरा पोच ठेवत जा."

"अहो, हसली बिचारी पोरं. काय बिघडलं?"

बिघडलं ते वेगळंच होतं, आणि ते ओळखायला त्यांना तीन महिने लागले. लेखी चाचणीत त्यांना वीसपैकी एकोणीस, चंद्रभागेला सात. पण बोलायची वेळ आली की त्यांच्या डोक्यात निळी-लाल-हिरवी पेनं एकमेकांना अडवत उभी राहत. डेर की डेन? क्रियापद दुसऱ्या जागी की शेवटी? तोवर चंद्रभागा चुकीचं डेर, चुकीचं दास, मध्ये मराठी, शेवटी हातवारे, असं करत करत गाव गाठूनही आलेली असे. ओढ्यात उतरलेली बाई साडी खोचून सरळ पलीकडे जाते, आणि काठावरचा माणूस पाण्याची खोली मोजत उभा राहतो, तसं व्हायचं.

घरी ते तिला चुका दाखवत. "दास क्नी. डेर क्नी नाही."

"इनग्रिडचा गुडघा दुखायचा तो दुखतोच ना?" ती म्हणे. "त्याला काय, डेर म्हटलं तरी दुखतो."

इनग्रिड आणि ती आता रविवारची वाट बघत नसत. चंद्रभागेकडे बटणांचा फोन, म्हणून इनग्रिडचे आवाजी निरोप ओव्हाळांच्या मोबाइलवर येत. ते आवाज लावून देत, ती ऐके, मग मोबाइल तोंडापुढे आडवा धरून, थाळीतली भाकरी धरावी तसा, उत्तर सांगे. एकदा शब्द संपले तेव्हा तिने सरळ ओवीच म्हटली होती. त्या वेळी जुळवलेली.

"दूर देशाच्या विहिणीला, काय सांगू मी बोलुनी,
माझी लेक तुझ्या दारी, घे गं पदर खोलुनी."

"तिला कुठला पदर?" ओव्हाळ म्हणाले होते. "ती पँट घालते."

"कळलं असेल तिला."

कळलं होतं. इनग्रिडचं उत्तर आलं ते नुसतं मुसमुसणं, आणि मग "नोखमाल, बागा. नोखमाल." पुन्हा एकदा. ओव्हाळांनी तो निरोप लावून दिला आणि मोबाइल टेबलावर जरा जास्तच जोरात ठेवला.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी चंद्रभागा भाजीला गेली होती आणि निरोप आला. ओव्हाळांनी एकट्यानेच ऐकला. इनग्रिड सावकाश बोलत होती, लहान मुलाला सांगावं तशी, एकेक शब्द ठेवत. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच, डिक्शनरीशिवाय, सगळं कळत होतं! मंगळवारी माझ्या गुडघ्याचं काहीतरी आहे. सोमवारी दुपारी दवाखान्यात जायचं आहे. मुलांना सांगितलेलं नाही. निकिताला सातवा महिना, ती धावत येईल, प्रवास नको. रविवारी मी कॉलवर नसेन, मैत्रिणीकडे जाते म्हणून सांगेन. मी एकटी आहे. इश हाबं आंग्स्ट. भीती वाटते. भागा, सोमवारी दहा वाजता मला फोन करशील? ते गाणं म्हणशील?

एकच शब्द अडला होता. आइनग्रिफ. तेवढ्यासाठी त्यांनी जाड डिक्शनरी काढली. आइनग्रिफ म्हणजे शस्त्रक्रिया. पण तिथवर पोचण्याआधी बोट एका आधीच्या शब्दावर थांबलं. आयफरझ्युश्टिश. अर्थ वाचला आणि त्यांनी पुस्तक मिटलं. गरम तव्यावरून हात काढावा तसं.

एवढं सगळं त्यांना कळलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही त्यांच्यासाठी नव्हतं.

जिन्यात चंद्रभागेच्या चपला वाजल्या. ओव्हाळांनी मोबाइल खिशात टाकला.

"कुणाचं काही आलं का?" तिने पिशवी ठेवता ठेवता विचारलं.

"नाही."

रविवारी इनग्रिडचा चौकोन उघडला नाही. "आई मैत्रिणीकडे गेल्यात," निकिता म्हणाली. चंद्रभागा मोबाइलसमोर उगाच उभी राहिली. मग आत जाऊन भांडी घासू लागली, घासलेलीच. "रागावली का हो ती? मागल्या निरोपात मी काही भलतंच बोलले का? तुम्ही ऐकलं होतं ना?"

"मला काय माहीत, तुमचं दोघींचं."

आणि त्या संध्याकाळी ओव्हाळांनी एक काम केलं. वही उघडली, निळ्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं. फ्राऊ लेमान, भागा आजारी आहे. तिचा घसा बसला आहे. म्हणून मी बोलत आहे. घाबरू नका. मी आपल्यासोबत आहे. पाच वाक्यं, एकही चूक नाही. सोमवारी दहा वाजता म्हणजे आपल्याकडे अडीच. क्लास सुटला की भागाला बसमध्ये बसवून द्यायचं, बँकेत काम आहे म्हणायचं, आणि एका कोपऱ्यात उभं राहून फोन करायचा. मग इनग्रिड कुणालाही 'भागा कुठे' म्हणून विचारणार नाही. हे सगळं कसं सरकारी मसुद्यासारखं नेटकं जमलं होतं.

सोमवारी क्लासमध्ये धडा निघाला डॉक्टरांचा. फैझल डॉक्टर झाला, गळ्यात ओढणीचा स्टेथोस्कोप. चंद्रभागा उठून उभी राहिली.

"व्हास फेल्ट ईनन?" काय होतंय आपल्याला, फैझलने रुबाबात विचारलं.

"मला काही नाही होत, डॉक्टर. माझ्या विहिणीचा क्नी दुखतो."

"मग पेशंटला घेऊन या ना, काकू!"

"पेशंट लई लांब हाय," ती म्हणाली. मनातून बोलताना लोणीची बोली तिच्या जिभेवर येई. मग पूर्वाकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, दुखणाऱ्या माणसाला आपण म्हणतो ना, बरी हो म्हणून. ते कसं म्हणायचं? ती माझ्यावर रागावलीय बहुतेक. पण फोन आला की आधी तेच विचारीन."

"गूटं बेसरुंग," पूर्वा म्हणाली.

चंद्रभागा बाकावर बसली आणि मांडीवर बोटं मोजत पुटपुटू लागली. गूटं बेसरुंग. गूटं बेसरुंग. जपमाळ ओढावी तसं. तिचं कोपर ओव्हाळांच्या कोपराला लागत होतं. त्यांच्या वहीतली पाच वाक्यं पान उलटून पालथी पडली होती, तरी शाई कागदाच्या मागून दिसत होती.

क्लास सुटला. खाली उतरून दोघं रस्त्याला लागली. हवेत भजी तळल्याचा वास. ओव्हाळ सारखे घड्याळ बघत होते, आणि चंद्रभागा आपल्याच तंद्रीत. टिळक चौकाच्या स्टॉपवर येऊन उभी राहिली तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं कमी होती. बस समोरून येताना दिसली.

"चल, बस आली," ते म्हणाले. "तू हो पुढे. मला बँकेत..."

"जाते मी. पण जेवायला या वेळेवर, कढी केलीय." तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "ऊन आहे. प्या."

बस थांबली, माणसं चढली, आणि ओव्हाळांनी तिचा दंड धरला.

"अहो, जाईल बस!"

बस गेली.

"इश बिन आयफरझ्युश्टिश," ते म्हणाले.

"काय?"

त्यांनी पुन्हा म्हटलं. उच्चार अगदी स्वच्छ.

चंद्रभागा घाबरली. तिने हात त्यांच्या कपाळाला लावला. "काय होतंय? कुठे दुखतंय? हे आजच्या धड्यात नव्हतं. काय असतं ते?"

परक्या भाषेत सांगून मोकळं होता येईल, असं त्यांना वाटलं होतं. पण ज्या माणसाला सांगायचं त्याला ते कळावं तर लागतंच. ओव्हाळांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं.

"म्हणजे जळणं. मी जळतो तुझ्यावर, चंद्रा."

"माझ्यावर?" ती खरंच हसली. "माझ्यात काय आहे हो जळण्यासारखं? तुम्हाला एकोणीस, मला सात."

"शनिवारी इनग्रिडचा निरोप आला होता. तुला. मी दिला नाही."

मग तिथेच, हॉर्नच्या गलक्यात, त्यांनी सगळं सांगितलं. गुडघा, दवाखाना, भीती, दहा वाजता, गाणं. वहीतली पाच वाक्यंही. काही लपवलं नाही. ऐकता ऐकता चंद्रभागेच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं आणि त्या जागी दुसरं काही आलंही नाही. ते कोरंपण बघवेना.

"तीन दिवस," ती शेवटी म्हणाली. "तिकडं ती एकटी बाई जीव मुठीत धरून बसलीय. आणि इकडं मी भांडी घासत, आपलं काय चुकलं ते शोधतेय. तुम्ही समोर खुर्चीत बसून बघत होता."

"हो."

"आणि मला आजारी पाडलंत."

"हो."

"चाळीस वर्षं तुम्ही बोललात, मी एका शब्दाने जळले नाही. वस्तीत माणसं म्हणायची ओव्हाळसाहेब, ओव्हाळसाहेब. मला वाटायचं, माझाच सत्कार चाललाय." तिने हात पुढे केला. "किती वाजले?"

"दोन."

"चला."

ती घराकडे नाही, परत क्लासकडे निघाली. इतकी भराभर, की ओव्हाळांना गाठता येईना. क्लासला कुलूप होतं; पूर्वा जेवायला गेली असावी. चंद्रभागा जिन्यातच वरून तिसऱ्या पायरीवर बसली. खालच्या दुकानातून छापखान्याच्या शाईचा वास येत होता. ओव्हाळ तिच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांनी आधी शनिवारचा निरोप लावून दिला. तिने तो दोनदा ऐकला. अर्थ विचारला नाही, फक्त 'आंग्स्ट' आला तेव्हा डोळे मिटले. अडीचला त्यांनी नंबर लावला आणि मोबाइल वर दिला.

"हालो?" पलीकडून आवाज आला. बारीक, विझू घातलेला. "बागा?"

"इश बिन डा," चंद्रभागा म्हणाली. मी आहे.

पुढची पंधरा मिनिटं त्या जिन्यात काय बोलणं झालं, ते व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकाला मानवलं नसतं. डॉक्टर गूट. क्नी नॉय, गुडघा नवा. भीती बाहेर, रडायचं असेल तर रड. मग निकिता, मग बाळ, मग गूटं बेसरुंग, एकदा, दोनदा, पाचदा. आणि मग तिने ओवी लावली. जुनी नाही; पायरीवर बसल्या बसल्या सुचली ती.

"नको भिऊ, काळजात लाविते मी दिवा एक,
तुझ्या उशाशी बसते गं, लोणी गावाची मी लेक."

जिन्याच्या भिंतींनी तो सूर धरला आणि वरच्या गच्चीपर्यंत नेला. ओव्हाळ खाली मान घालून ऐकत होते. आपण लिहिलेल्या पाच वाक्यांत यातलं काहीच नव्हतं, हे त्यांना कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, बरगड्यांखालचं ते धुमसणं तेव्हाही थांबलं नव्हतं. फक्त आता ते त्यांना एकट्याला सांभाळायचं नव्हतं.

फोन संपला. चंद्रभागेने मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली.

"हा माझ्याकडे राहील."

"बरं."

"वहीतलं ते पान फाडा."

त्यांनी फाडलं. ती उठली आणि त्यांच्या बाजूने जिना उतरून गेली.

बसमध्ये ती पुढे, बायकांच्या बाकावर खिडकीशी बसली. ओव्हाळ मागे, उभ्याने. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. पूल मागे पडला, स्टेशन मागे पडलं. येरवड्याच्या अलीकडे तिच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. तिने काढला, बोटाने इकडे दाबला, तिकडे दाबला. पडदा उघडेना. तिने शेजारच्या कॉलेजच्या मुलीकडे पाहिलं, मग नको म्हणून मान हलवली. जागा सोडून उठली, दांडे धरत, हिंदकळत मागे आली.

"उघडा," ती म्हणाली. "आणि ऐकू नका."

ओव्हाळांनी आकडे दाबले. पडद्यावर इनग्रिडचं नाव होतं आणि त्याखाली आवाजाची छोटी रेघ. त्यांनी निरोप सुरू केला, लगेच मोबाइल तिच्या कानाशी नेऊन तिच्या हातात दिला, आणि मान खिडकीकडे वळवली. बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता. ओव्हाळांनी सगळं लक्ष त्या भांडणात घातलं. शेजारी, अगदी कानाजवळ, एक परकी बाई हळूहळू काही सांगत होती. बायकोचा श्वास मध्येच थांबत होता, मध्येच सुटत होता. त्यांनी एकही शब्द धरला नाही.